शंभर अब्ज डॉलर नेमके कुणी कुणाला दिले?

पावणेदोन | शनि, ६ डिसेंबर २०२५, २२:१०

ब्राझीलमधल्या बेलेमची हवामान परिषद नोव्हेंबरात आटोपली. आपल्याकडे तिची चर्चा झाली ती मंडपाला आग लागली तेवढ्यापुरती. अनुकूलनासाठीचा निधी २०३५ पर्यंत तिप्पट करायचं आवाहन, अमेरिकेचं अधिकृत शिष्टमंडळच न येणं, हे सगळं आतल्या पानावर. अनुकूलन म्हणजे पूर-वादळ-दुष्काळ येणारच असं धरून करायची तयारी: बंधारे, निवारे, इशारा यंत्रणा, खारं पाणी सोसणारं बियाणं.

दर वर्षी या परिषदेनंतर व्हॉट्सॲपवर दोन प्रकारचे निरोप फिरतात. एक, 'श्रीमंत देशांनी जगाची वाट लावली, आता भरपाई द्या.' दुसरा, 'ते बिचारे अब्जावधी डॉलर देतात आणि हे लोक खाऊन टाकतात.' दोघांनीही एक गोष्ट धरून चाललेली असते, की पैसे किती दिले ते ठाऊक आहे. मला तिथेच घोळ दिसतो, म्हणून हा धागा.

२००९ साली कोपनहेगनच्या हवामान परिषदेत श्रीमंत देशांनी सांगितलं की २०२० पर्यंत गरीब देशांसाठी वर्षाला १०० अब्ज डॉलर उभे करू. हिलरी क्लिंटन तेव्हा अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्री, घोषणा त्यांनीच केली. हा आकडा कुठल्या गरजेवरून काढला नव्हता. गोल होता, बरा दिसत होता. आणि त्यात काय धरायचं, काय नाही, हे कुठेच लिहिलं नाही. अनुदान? कर्ज? खासगी कंपनीने घातलेलं भांडवल? आधीपासून चालू असलेली विकास मदत, नवं लेबल लावून? सगळं चालतं.

मग हिशेब ठेवला कुणी? श्रीमंत देशांच्याच संघटनेने, ओईसीडीने. तिच्या हिशेबात २०२० ला ८३.३ अब्ज भरले, २०२१ ला ८९.६, आणि २०२२ ला एकदम ११५.९. म्हणजे वचन दोन वर्षं उशिरा पाळलं, विषय संपला. पण तोच हिशेब उलगडून बघा. ११५.९ पैकी सरकारी आणि विकास बँकांचा पैसा ९१.६ अब्ज, आणि त्यातला ६९ टक्के कर्ज. अनुदान २८ टक्के. म्हणजे परत न मागता दिलेला पैसा वर्षाला पंचवीस-सव्वीस अब्जांच्या आसपास. कर्ज मोजताना त्याची पूर्ण रक्कम मोजायची. मुद्दल व्याजासकट परत येईल तेव्हा ती कुठेही वजा होत नाही. ऑक्सफॅम या स्वयंसेवी संस्थेने सवलतीचा भाग तेवढा धरून हिशेब मांडला, तर २०२२ ची खरी मदत २८ ते ३५ अब्ज भरली.

भारताच्या अर्थखात्याने तर २०१५ मध्येच हे प्रकरण अंगावर घेतलं होतं. ओईसीडी म्हणत होती की २०१४ ला जवळपास ६२ अब्ज दिले. आपल्या अर्थखात्याच्या टिपणात उत्तर होतं: हवामान निधींतून खरोखर हातात पडलेला, तपासता येईल असा पैसा २.२ अब्ज. बासष्ट आणि दोन! एवढी तफावत फक्त मोजणाऱ्याच्या खुर्चीमुळे पडते.

आता गंमत ऐका. रॉयटर्स वृत्तसंस्थेने २०२३ मध्ये श्रीमंत देशांनी दाखवलेल्या या मदतीच्या नोंदी एकेक करून तपासल्या. इटलीने आशियातली चॉकलेट-आईस्क्रीमची दुकानं हवामान निधीत दाखवली होती. अमेरिकेने हैतीतल्या एका हॉटेलचा विस्तार. बेल्जियमने अर्जेंटिनाच्या जंगलात घडणारा एक प्रेमपट. आणि जपानने बांगलादेशातला मातारबारीचा वीज प्रकल्प, जो कोळशावर चालतो. यात नियम कुणीच मोडला नव्हता, कारण नियमच नव्हता.

गेल्या वर्षी अझरबैजानमधल्या बाकूच्या परिषदेत नवा आकडा ठरला, २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज. हातोडा आपटून मंजूर केल्यावर भारताच्या प्रतिनिधी चांदनी रैना बोलायला उभ्या राहिल्या आणि या कागदाला दृष्टिभ्रम म्हणाल्या. पेपरवाल्यांनी ते 'भारताला जास्त पैसे हवे होते' असं छापलं. माझ्या मते मुद्दा तो नव्हता. ३०० असो की विकसनशील देशांनी मागितलेले १३००, काय मोजायचं ते जोवर देणाराच ठरवतो तोवर आकडा वाढवत नेण्यात त्याचं काहीच जात नाही.

तुम्हाला काय वाटतं? वाद घालायला हरकत नाही, फक्त फॉरवर्ड चिकटवू नका.

श्री. खडूस | शनि, ६ डिसेंबर २०२५, २२:३१

जागतिक तापमानवाढीवर उपाय म्हणून आईस्क्रीम. इटलीचा तर्क मला तरी बिनतोड वाटतो.

बाकी लेख आवडला. पुढच्या लेखनाला शुभेच्छा.

आग्यावेताळ | रवि, ७ डिसेंबर २०२५, ०९:४०

लेख नेहमीप्रमाणे एका बाजूचा. काही प्रश्न.

एक, आज सगळ्यात जास्त कार्बन सोडणारा देश चीन, तिसरा भारत. आणि संयुक्त राष्ट्रांच्या १९९२ च्या हवामान करारात पैसे देणाऱ्यांची जी यादी केली ती आजही जवळपास तीच. म्हणजे पोर्तुगाल आणि ग्रीस देणारे, आणि कतार, सौदी, सिंगापूर 'विकसनशील'. याला न्याय म्हणायचं?

दोन, १८५० मध्ये मँचेस्टरात कुणी कोळसा जाळला त्याचे पैसे आजच्या ब्रिटिश नर्सच्या पगारातून का कापायचे? तेव्हा कुणाला ठाऊक होतं कार्बन डायऑक्साइडचं?

तीन, पैसे जातात कुठे? मोझांबिकचं उदाहरण घ्या. हवामानाचा बळी म्हणून नेहमी पुढे केलेला देश. तिथल्या सरकारने ट्यूना पकडायच्या बोटींच्या नावाखाली दोन अब्ज डॉलरची कर्जं लपवून घेतली. त्यांचा अर्थमंत्री मानुएल चांग गेल्या वर्षी न्यूयॉर्कच्या कोर्टात दोषी ठरला. अशांना विनाअट अनुदान द्यायचं? कर्ज असलं की निदान कुणीतरी मागे लागतं.

पावणेदोन | रवि, ७ डिसेंबर २०२५, ११:०५

आग्यावेताळ, पहिल्या मुद्द्याशी सहमत. ती यादी म्हणजे १९९२ साली ओईसीडीत कोण होतं त्याचा फोटो आहे. सिंगापूर आणि कतार त्यात नसणं हास्यास्पदच. चीनने बाकूत सांगितलं की २०१६ पासून आम्ही इतर देशांना १७७ अब्ज युआन दिले, पण ते स्वेच्छेने; बंधन नको म्हणतात. तिथे भारताने चीनच्या पदराआड उभं राहू नये असं माझंही मत आहे.

दुसऱ्या मुद्द्याशी मात्र नाही. १८५० विसरून जाऊ. माणसाने आजवर इंधनं जाळून जेवढा कार्बन हवेत सोडला, त्यातला निम्म्याहून जास्त १९९० नंतरचा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या हवामान शास्त्रज्ञ मंडळाचा (आयपीसीसी) पहिला अहवाल १९९० चा, तुम्ही म्हणता तो रिओचा करार १९९२ चा. म्हणजे निम्मा कार्बन सगळं समजून-उमजून, सह्या करून सोडलेला. एकूण साठ्यात अमेरिकेचा वाटा पाव, चीनचा साधारण सातवा हिस्सा, भारताचा तीन-साडेतीन टक्के. माणशी बघितलं तर अमेरिकन वर्षाला चौदा टनांच्या आसपास, चिनी आठाच्या वर, आपण दोन. 'भारत तिसरा' हे खरंच आहे, पण ते एकशे चाळीस कोटींचं मिळून. १९९१ मध्येच पर्यावरण अभ्यासक अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी हा वाद घातला होता, की भाताच्या खाचरातला मिथेन आणि चैनीच्या गाडीचा धूर एकाच तागडीत टाकू नका.

मोझांबिकचं पुढे कुणीतरी लिहा, मला नातवाला क्लासला सोडायचंय.

बे एके बे | रवि, ७ डिसेंबर २०२५, १२:२०

मोझांबिकबद्दल मी लिहितो. मी बँकेतून निवृत्त, परकीय चलन विभागात बराच काळ काढला.

ट्यूना प्रकरण खरंच आहे. पण ती कर्जं दिली कुणी? क्रेडिट स्वीस आणि एका रशियन बँकेने. क्रेडिट स्वीसने २०२१ मध्ये त्याबद्दल अमेरिकी-ब्रिटिश नियामकांना जबर दंड भरला. म्हणजे 'कर्ज असलं की कुणीतरी मागे लागतं' हे तिथे उलटंच ठरलं. कर्ज होतं म्हणूनच दलाली होती.

आणि पुढचा भाग जास्त वाईट. मार्च २०१९ ला इदाई चक्रीवादळाने बेइरा शहर झोपवलं. डोक्यावर आधीच त्या लपवलेल्या कर्जाचं ओझं, देश हप्ते थकवून बसलेला. अशा वेळी नाणेनिधीने जे दिलं ते काय? ११.८ कोटी डॉलरचं कर्ज. बिनव्याजी होतं, मान्य. पण वादळात घर गेलेल्याला दिलेलं कर्जच ते.

आता कर्जाची बाजूही मांडतो, कारण सगळं कर्ज वाईट म्हणणं बँकवाल्याला पटणार नाही. नागपूर मेट्रोला जर्मनीच्या केएफडब्ल्यू या सरकारी विकास बँकेने २०१६ मध्ये ५० कोटी युरोचं कर्ज दिलं. अशी कर्जं श्रीमंत देश हवामान निधीत धरतात. मेट्रोला तिकिटाचं उत्पन्न आहे, मुदत लांब आहे, त्यात गैर काही नाही. पण कर्ज युरोत. करार झाला तेव्हा युरो ७५ रुपयांच्या आसपास होता, आज शंभरी ओलांडून पुढे. व्याजाचा दर कागदावर कितीही गोड दिसो, हप्ता भरायच्या दिवशी त्याच युरोला पंचवीस-तीस रुपये जास्त मोजायचे. चलनाचा सगळा धोका घेणाऱ्याच्या गळ्यात, देणाऱ्याच्या वहीत मात्र पूर्ण ५० कोटींची मदत.

आणि सगळीच कर्जं सवलतीची असतात असंही नाही. रॉयटर्सनेच गेल्या वर्षी काढलं होतं, किमान १८ अब्ज डॉलर बाजारभावाच्या व्याजाने दिलेले. त्यात जपान सर्वात वर.

कर्जाने भागत नाही ते अनुकूलनाच्या कामात. सौर प्रकल्प वीज विकतो, परतफेड होते. समुद्राच्या बांधावरून उत्पन्न काय येणार? निवाऱ्यात लोकांना घ्यायचं तर तिकीट लावणार? म्हणून कुणी बँकर तिकडे फिरकत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या (यूएनईपी) २०२५ च्या अहवालात २०२३ ला अनुकूलनासाठी विकसनशील देशांना मिळालेला आंतरराष्ट्रीय सरकारी पैसा २६ अब्ज, आधीच्या वर्षापेक्षा कमी. गरज २०३५ च्या सुमारास वर्षाला ३१० ते ३६५ अब्ज. दहापटीहून जास्त तूट.

म्युनिकवाली मावशी | रवि, ७ डिसेंबर २०२५, १५:४८ (माझ्या घड्याळात)

वाचतेय. इथल्या बाजूने थोडं लिहिते, कारण तिकडे बसून जर्मन करदाता नुसता कंजूष वाटतो.

दोन-तीन वर्षांपूर्वी इथे एक घोषणा फार गाजली: 'पेरूतले सायकल मार्ग'. आमच्या करातून पेरूत सायकल मार्ग बांधतात आणि आमच्या शाळांची छपरं गळतात, अशी. उजव्यांनी काढली आणि बघता बघता सगळ्या पक्षांच्या तोंडी बसली. ३१.५ कोटी युरो असा आकडा फिरायचा. प्रत्यक्षात त्यातला बराचसा भाग बस-मेट्रोसाठीचं कर्ज, परत येणारं. सायकल मार्गांचं अनुदान त्या मानाने चिल्लर. पण सरकार स्वतःच वर्षानुवर्षं कर्जाला मदत म्हणून मिरवत आलं होतं, मग लोकांना 'अहो, ते पैसे परत येतात' हे सांगणार कुठल्या तोंडाने? पावणेदोन यांनी म्हटलेला हिशेबाचा घोळ इकडेही उलटलाय. घेणारा म्हणतो काही मिळालं नाही, देणारा म्हणतो आम्ही लुटलो गेलो, आणि दोघंही एकाच तक्त्यावरून भांडतात.

आणि एक. जुलै २०२१ ला आर नदीच्या खोऱ्यात पूर आला, जर्मनीत १८० च्या वर माणसं गेली. त्या फेरबांधणीसाठी सरकारने ३० अब्ज युरोचा निधी काढला. काढायलाच हवा होता. दोन वर्षांनी दुबईच्या हवामान परिषदेत 'हानी आणि नुकसान' निधी, म्हणजे हवामानाच्या आपत्तींत जे बुडालं त्यासाठीचा, सुरू झाला, तेव्हा सबंध जगातल्या गरीब देशांसाठी जर्मनीने १० कोटी डॉलर जाहीर केले, आणि ते सगळ्यात मोठ्या आकड्यांपैकी एक होते! अमेरिकेने १.७५ कोटी.

श्री. खडूस | रवि, ७ डिसेंबर २०२५, २०:३०

१.७५ कोटी डॉलरमध्ये मलबार हिलला दोन-तीन बरे फ्लॅट येतील. समुद्रदर्शनासह, म्हणजे विषयाला धरून.

खाडीकाठ | रवि, ७ डिसेंबर २०२५, २१:१५

मी सहसा लिहीत नाही, नुसती वाचते. पण निसर्ग वादळाचं कुणीच काढलं नाही म्हणून.

माहेर श्रीवर्धनकडचं. ३ जून २०२० ला दुपारी वाऱ्याने वाडी आडवी केली. नारळ मुळासकट, सुपाऱ्या मधोमध मोडलेल्या. तिकडची रोठा सुपारी, तिची बाग म्हणजे तीन पिढ्यांची. एक सुपारी फळावर यायला सहा-आठ वर्षं. सुरुवातीला भरपाई हेक्टरी जाहीर झाली. आमच्याकडे हेक्टर आहे कुणाकडे? वाड्या गुंठ्यांत. ओरड झाल्यावर झाडावर दर आला: नारळाला २५० रुपये, सुपारीला ५०. पडलेलं झाड तोडून वाडीबाहेर काढायची मजुरी त्याहून जास्त. माझे काका पंचनाम्याच्या कागदावर झाडांचा आकडा बघून म्हणाले, 'यांनी खोडं मोजली, सावली कोण मोजणार?' सुपारीच्या सावलीत जायफळ, मिरी, विड्याची पानं असतात हो. ते सगळं उन्हात करपलं, पण ते पंचनाम्यात नाही, कारण पडलं नव्हतं.

दुसरं, आंतरराष्ट्रीय निधीचा पैसा आपल्याकडे येतच नाही असं नाही. हरित हवामान निधीने २०१८ मध्ये आंध्र, ओडिशा आणि महाराष्ट्राच्या किनाऱ्यासाठी ४.३४ कोटी डॉलर मंजूर केले, आणि हे अनुदान आहे. त्यातून कांदळवन राखायचं आणि खाडीतल्या बायकांना जोडधंदा द्यायचा: कालवं, खेकडे, जिताडा. सासरी आमच्या बचतगटाने पिंजऱ्यात जिताडा सोडला होता. पहिल्याच हंगामात पाणमांजरांनी जाळं फाडून निम्मे पळवले. मग दुहेरी जाळं. आता बरं चाललंय, श्रीमंत कुणी झालं नाही. पण तिवरं तोडायची नाहीत हे आता सांगावं लागत नाही, कारण पिलं तिथेच वाढतात हे प्रत्येकीने डोळ्यांनी बघितलंय.

आग्यावेताळ | रवि, ७ डिसेंबर २०२५, २२:०२

खाडीकाठ ताई, प्रतिसाद उत्तम. पण त्यातून माझाच मुद्दा सिद्ध होतो. सुपारीला ५० रुपये जर्मनीने ठरवले नाहीत, आपल्या मंत्रालयात ठरले. आंतरराष्ट्रीय व्यासपीठावर 'माणशी दोन टन' म्हणून गरिबांना पुढे करायचं, आणि घरी त्याच गरिबाला झाडामागे पन्नास रुपये. श्री. खडूस ज्या मलबार हिलबद्दल बोलतात तिथला माणूसही त्या दोन टनांच्या सरासरीतच लपतो. त्याचा हिशेब कोण करणार?

खाडीकाठ | रवि, ७ डिसेंबर २०२५, २२:२०

करा ना हिशेब, मी कुठे नको म्हणतेय? पण आमच्या वाडीतल्या माणसाने दोन्हीकडे मागावं की एकाच दारात उभं राहावं, ते तुम्ही ठरवू नका.

मधुघट | रवि, ७ डिसेंबर २०२५, २२:४१

+१००० खाडीकाठ.

तोफखाना | सोम, ८ डिसेंबर २०२५, ०८:१२

हा हानी-नुकसान निधी मिळवून दिला कुणी माहितीये? पाकिस्तानने. त्यांना पैसे म्हणजे कुठे जाणार हे शेंबडं पोरही सांगेल. [मजकूर संपादित]

संपादक मंडळ | सोम, ८ डिसेंबर २०२५, ०८:५०

तोफखाना, धाग्याच्या विषयाला धरून लिहा. प्रतिसादातला शेवटचा भाग उडवला आहे.

वाटसरू | सोम, ८ डिसेंबर २०२५, १०:३०

पाकिस्तानचं उदाहरण खरं तर इथे आवश्यकच आहे, राग बाजूला ठेवून. २०२२ च्या पावसाळ्यात ३ कोटी ३० लाख लोकांना पुराचा फटका, १७०० च्या वर मृत्यू, आणि नुकसान-तोटा मिळून ३० अब्ज डॉलरवर. जगाच्या कार्बनमध्ये त्यांचा वाटा एक टक्क्याच्याही आत. त्या वर्षी विकसनशील देशांच्या जी-७७ गटाचं अध्यक्षपद नेमकं त्यांच्याकडे होतं, आणि इजिप्तमधल्या शर्म-अल-शेखच्या परिषदेत हा निधी मान्य झाला. श्रेय एकट्यांचं नाही. समुद्राचं पाणी चढलं तर भरपाईसाठी विमा काढा, ही सूचना पॅसिफिकमधल्या वानुआटूने छोट्या बेटांच्या वतीने १९९१ मध्ये मांडली होती. एकतीस वर्षं लागली. बांगलादेशचे हवामान अभ्यासक सलीमुल हक यांनी त्यातला बराच काळ याच मुद्द्यावर घालवला. निधी मान्य झालेला त्यांनी बघितला, पण सुरू होण्याआधी महिनाभर, ऑक्टोबर २०२३ मध्ये ते गेले.

आणि पाकिस्तानला मिळालं काय? जानेवारी २०२३ ला जिनिव्हात ९ अब्जांच्या वर आश्वासनं. त्यात इस्लामिक विकास बँकेचे ४.२ अब्ज, जागतिक बँकेचे २ अब्ज. त्यांच्या अर्थमंत्र्यांनीच सांगितलं की जवळपास नव्वद टक्के कर्ज आहे. तोफखाना, तुमची काळजी मिटली असेल. फुकट फारसं काही गेलेलं नाही.

पावणेदोन | सोम, ८ डिसेंबर २०२५, १३:१५

वाटसरू, छान. यात एक आपल्याकडचा आकडा टाकतो. हानी-नुकसान निधीला आजवर सुमारे ८० कोटी डॉलरची आश्वासनं आहेत, आणि पहिल्या फेरीत वाटायला ठेवलेत २५ कोटी डॉलर. सबंध जगासाठी. आजच्या भावाने साधारण २२०० कोटी रुपये. यंदा सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, त्यानंतर महाराष्ट्र सरकारने एका हंगामासाठी जाहीर केलेलं पॅकेज ३१,६२८ कोटींचं. ते पुरेसं आहे का, त्यात जुन्या योजना किती, यावर आपल्याकडे भांडणं चालूच आहेत. पण या राज्याच्या एका पावसाळ्यापुढे जगाच्या निधीची पहिली फेरी चौदा पटींनी लहान आहे. शिवाय यंदा मार्चमध्ये अमेरिका त्याच्या संचालक मंडळातूनही बाहेर पडली.

तळटीप | सोम, ८ डिसेंबर २०२५, १८:४०

वकिली पेशातला असल्याने कायद्याचं तेवढं लिहितो.

२०१५ च्या पॅरिस हवामान कराराच्या कलम ८ मध्ये हानी आणि नुकसान आहे, पण करारासोबतच्या निर्णयात परिच्छेद ५१ घातला, की या कलमावरून कोणतंही दायित्व किंवा भरपाई मागता येणार नाही. अमेरिकेचा आग्रह. त्यांचे वाटाघाटीकार टॉड स्टर्न यांनी कोपनहेगनलाच कर्जफेड-भरपाईची कल्पना फेटाळली होती, आणि २०२३ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे हवामान दूत जॉन केरी यांनी अमेरिकी संसदेसमोर तेच सांगितलं. पक्ष कुठलाही असो, या बाबतीत अमेरिकेचं धोरण सलग आहे. म्हणून या निधीत कुणी 'देणं लागतो' म्हणून पैसे घालत नाही, सगळं ऐच्छिक.

पण यंदा २३ जुलैला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सल्लागार मत दिलं, तेही एकमताने. दक्षिण पॅसिफिक विद्यापीठातल्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनी २०१९ मध्ये सुरू केलेलं प्रकरण, वानुआटूने संयुक्त राष्ट्रांत नेलं. न्यायालय म्हणालं की हवामानाचं रक्षण हे राज्यांचं कायदेशीर कर्तव्य आहे, केवळ पॅरिसपुरतं नाही, आणि ते मोडल्यास भरपाईसुद्धा देय होऊ शकते, कार्यकारणसंबंध दाखवता आला तर. म्हणजे पॅरिसमधून बाहेर पडलं की सुटलो, असं नाही. मत बंधनकारक नाही हे खरं, पण उद्या कुठल्याही देशातल्या न्यायालयात दाखला म्हणून वापरता येतं.

आग्यावेताळ | सोम, ८ डिसेंबर २०२५, १९:२२

'कार्यकारणसंबंध दाखवता आला तर' या पाच-सहा शब्दांत पुढच्या पन्नास वर्षांची वकिली आहे. तळटीप, तुमच्या पोरांची सोय झाली.

तळटीप | सोम, ८ डिसेंबर २०२५, १९:३०

मुलगी आर्किटेक्ट आहे हो.

बे एके बे | सोम, ८ डिसेंबर २०२५, २१:०५

भरपाई मिळेल तेव्हा मिळेल. मला त्याहून आजच होण्यासारखी एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती इथल्या बऱ्याच जणांना ओळखीची वाटेल.

ग्रेनाडा, कॅरिबियनमधलं छोटं बेट. २००४ ला आयव्हन वादळाने देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या दुप्पट नुकसान केलं. कर्ज फेडता येईना. पुढे कर्जाची फेररचना करताना त्यांनी रोख्यांत एक अट घालून घेतली: ठरावीक ताकदीचं वादळ आलं की हप्ते काही काळ थांबणार. धनकोला विचारायचं नाही, विनवण्या नाहीत, आपोआप. जुलै २०२४ ला बेरिल आलं, कॅरियाकू बेट उद्ध्वस्त झालं, आणि ग्रेनाडाने ती अट वापरली. जगात पहिल्यांदाच. रोखेधारकांना द्यायचा पैसा त्या वर्षी पत्र्यांवर आणि औषधांवर खर्च करता आला.

आपल्याकडे पैसेवारी (नेहमीच्या पिकाच्या मानाने किती आलं याचा सरकारी अंदाज) पन्नास पैशांच्या आत आली की पीककर्जाचं पुनर्गठन होतं, वसुली थांबते. हेच सूत्र आहे. फक्त आपल्याकडे पैसेवारी तलाठी-तहसीलदार काढतात आणि त्यावर राजकारण होतं, तिथे वाऱ्याचा वेग आणि नुकसानीचं गणिती प्रारूप ठरवतं. बार्बाडोसच्या पंतप्रधान मिया मॉटली गेली काही वर्षं मागे लागल्या आहेत की जागतिक बँकेपासून खासगी रोख्यांपर्यंत सगळ्यांनी ही अट घालावी. देणाऱ्याचा एक पैसा वाढत नाही, फक्त वेळापत्रक बदलतं. पैसे किती दिले याच्या भांडणापेक्षा मला हे जास्त कामाचं वाटतं.

पावणेदोन | सोम, ८ डिसेंबर २०२५, २१:४०

हे माहीत नव्हतं, धन्यवाद. पण हप्ता थांबला तरी व्याज चढतच असेल ना?

बे एके बे | सोम, ८ डिसेंबर २०२५, २१:५२

चढतं. थांबलेला हप्ता मुद्दलात जातो. माफी नाही, सवड आहे.

खाडीकाठ | सोम, ८ डिसेंबर २०२५, २२:१०

पैसेवारीचं वाचून हसू आलं. आमच्याकडे बागायतीला पैसेवारी लागतच नाही म्हणून सांगायचे.

एक विचारू? ग्रेनाडाला वादळानंतर लगेच हातात रोख काही मिळालं का, की नुसतेच हप्ते थांबले?

बे एके बे | सोम, ८ डिसेंबर २०२५, २२:२६

मिळालं. कॅरिबियन देशांनी २००७ पासून एक सामाईक विमा चालवलाय. पंचनामा नाही, वादळ कुठून, किती वेगाने गेलं त्यावरून रक्कम ठरते आणि दोन आठवड्यांत खात्यात येते. बेरिलनंतर ग्रेनाडाला साधारण ४.४ कोटी डॉलर आले.

खाडीकाठ | सोम, ८ डिसेंबर २०२५, २२:३१

आणि त्या विम्याचा हप्ता कोण भरतं? अमेरिका?

बे एके बे | सोम, ८ डिसेंबर २०२५, २२:३८

सुरुवातीच्या भांडवलात कॅनडा, ब्रिटन, युरोप वगैरेंचा हातभार होता. हप्ता मुख्यतः ज्याचा त्यानेच भरायचा. ग्रेनाडाचा ग्रेनाडाने.